लांब खुंटा

पाऊस सलग दुसऱ्या वर्षी नुसता तोंड दाखवून गेला, तेव्हापासून लोहाराकडे नांगराचे फाळ येईनासे झाले. दगडासारख्या जमिनीत फाळ घालून कोण काय करणार? घडवून ठेवलेले विळे आणि कुदळी भिंतीवर टांगल्या टांगल्या गंजल्या. चोर मात्र वाढले. आज कुणाच्या विहिरीवरची मोटर गेली, उद्या कुणाची तार. मग ज्याला त्याला राखणीला कुत्रं हवं झालं, आणि कुत्र्याला साखळी. त्या साखळ्यांवर लोहाराच्या घरची चूल पेटत राहिली.

म्हातारा लोहार घडवायचा, मुलगा घण मारायचा आणि सून भाता ओढायची. घरात तिघंच. सासू जाऊन बरीच वर्षं झाली होती. पोटी मूल नव्हतं, आणि आता त्याबद्दल कुणी बोलतही नव्हतं.

म्हाताऱ्याच्या साखळीला आकडा नसायचा. गिऱ्हाईक कुत्रं घेऊन आलं की शेवटची कडी तो गळ्यातल्या पट्ट्यात ओवायचा आणि तिथल्या तिथे ऐरणीवर ठोकून मिटवायचा.

"आकडा काय, चोरही उघडतो," तो म्हणायचा. "माझी साखळी छिन्नीशिवाय सुटत नाही."

लोक लांबलांबून त्याच्याकडे येत ते याचसाठी.

त्यांचं स्वतःचं कुत्रंही तसंच बांधलेलं होतं. काळंकुट्ट म्हणून त्याचं नाव कोळसा. अंगणाच्या तोंडाशी, बाभळीपासून जरा दूर, लोखंडी खुंट्याला. सकाळी बाभळीची सावली त्याच्यावर असायची. दिवस चढला की ती झाडाच्या बुंध्याकडे सरकायची आणि दुपारनंतर पलीकडच्या अंगाला जायची. कोळशाची साखळी काही तेवढी पुरत नव्हती. लग्न होऊन आली त्या वर्षीच सुनेनं सासऱ्याला म्हटलं होतं, "मामा, याला झाडामागे बांधू या का?"

"झाडामागे बसून ते काय राखणार? माझा खुंटा हलवायचा नाही."

ती पुन्हा बोलली नाही. बोलण्यापेक्षा करण्याकडे तिचा ओढा. तिचा एक नेम होता, जेवायच्या आधी पहिला घास मुक्या जनावराच्या तोंडी. तो घास द्यायला ती बाहेर यायची तेव्हा दोघं बापलेक जेवून आत पडलेले असायचे. खुंटा दोन्ही हातांनी डावीउजवीकडे हलवून ती उपटायची, सावलीत रोवायची, वरून दगडानं ठोकायची. ऊन फिरलं की पुन्हा. दिवेलागणीच्या आधी खुंटा जागच्या जागी. देवाला फूल वाहावं तशी ती हे रोज करत आली. ना कधी दमली, ना कुणाला सांगितलं.

म्हाताऱ्याला संध्याकाळी खुंटा ढिला लागायचा. तो कौतुकानंच म्हणायचा, "बघा रे, काय अंगात जोर आहे! रोज खुंटा उपटतंय बेटं."

सून मान खाली घालून परात घासत राहायची.

उन्हाळा वर आला तसं कोळशाच्या पट्ट्याखाली चिघळलं. माश्या बसू लागल्या. नवऱ्याच्या मागे लागून तिनं साखळी खुंट्यापासून तोडून घेतली आणि कुत्र्याला चालवत जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण तरुण होती, हाताची हलकी. जखम धुताना म्हणाली, "पट्टा जरा सैल हवा. आणि बाई, हा सुटा कधी असतो?"

"नसतो."

"कधीच?"

सुनेनं कोळशाच्या डोक्यावर हात ठेवला. त्यानं डोळे मिटून घेतले.

डॉक्टरीण भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवत म्हणाली, "बाजाराच्या दिवशी चौकात कार्यक्रम ठेवलाय. कुत्री उन्हातान्हात बांधून ठेवू नका, हे लोकांना सांगायचंय. आम्ही काही जण दिवसभर स्वतःला साखळीनं बांधून घेणार. तुम्ही बसाल? मी ओरडून ओरडून सांगितलं तरी लोक म्हणतात, हिला काय जातंय. तुमच्यासारखी कामाची बाई बसली तर जरा थांबतील, बघतील."

"घरी विचारते," सून म्हणाली.

तिनं भात्यावर बसूनच विचारलं. ऐकून नवऱ्यानं घण खाली ठेवला.

"डोक्यावर पडलीयस का? आपण साखळ्या विकायच्या आणि तू चौकात बसून सांगायचं, घेऊ नका? आपल्याच पोटावर पाय?"

म्हातारा मात्र हसला. सांडशीतली लाल कडी त्यानं पाण्यात बुडवली. वाफ त्याच्या तोंडावर गेली. "बसू दे की. कसल्या साखळ्या आणणार म्हणे ती डॉक्टरीण?"

"बाजारातल्या. आकड्याच्या."

"म्हणजे लघवीला जायचं असलं की सुटायचं, चहा प्यायला सुटायचं. नाटक नुसतं! कुत्र्याला सुटता येतं का?" तो तिच्याकडे वळला. "सूनबाई, बसायचं तर माझ्या साखळीत बस. मी सकाळी कडी मिटवणार, संध्याकाळी येऊन छिन्नीनं तोडणार. मध्ये सोडा म्हणायचं नाही. दिवसभर बसलीस तर शब्द देतो, संध्याकाळी घरी येऊन कोळशाची साखळी मी माझ्या हातानं तोडीन. पुन्हा बांधणार नाही. आणि सोडा म्हणालीस तर ते कुत्रं मरेपर्यंत तिथंच."

"मामा, खरंच?"

"लोहाराचा शब्द आहे. घाव घातला की घातला."

तिच्या हातातला भाता नकळत जोरात चालू लागला. ठिणग्या उडाल्या.

"अगं, हळू," नवरा म्हणाला. "घर पेटवतेस की काय!"

बाजाराच्या दिवशी सकाळी ती न्हाऊन, देवापुढे हात जोडून बाहेर आली, तर म्हातारा अंगणात होता. त्याच्या हातात नवा खुंटा होता, जुन्याच्या दुप्पट लांब. अंगाला उलटे दाते काढलेले, म्हणजे आत गेला की वर येणार नाही. मोठ्या घणानं त्यानं तो ठोकत ठोकत जमिनीत घातला. वर राहिली नुसती कडी.

"आता उपट म्हणावं," कोळशाकडे बघत तो म्हणाला. "मला हरवतोय होय रे?"

"मामा, आज तर तो सुटणार आहे," ती म्हणाली. "मग कशाला?"

"तू जिंकलीस तर सुटणार. नाहीतर आहेच की हा खुंटा." तो मिश्किल हसला. त्याला ही सगळी गंमत वाटत होती.

ती कोळशाजवळ जाऊन उभी राहिली. सावली अजून त्याच्यावर होती, लांब, थंड. तिनं पायाच्या अंगठ्यानं खुंट्याची कडी दाबून पाहिली. जरासुद्धा हलली नाही. आता सांगावं का? मामा, खुंटा तो उपटत नाही, मी उपटते. पण आजच सांगितलं आणि म्हातारा बिथरला तर? इतकी वर्षं मला फसवलंस म्हणाला आणि शब्द मागे घेतला तर? एका दिवसाचं तर ऊन. मग जन्माची सावली.

नवऱ्याला ती म्हणाली, "अहो, दुपारी त्याच्यापुढे पाणी ठेवा भरपूर."

"ठेवतो. आज भाताही मलाच ओढायचाय, तुझ्यामुळे."

चौकात भाजीच्या पाट्यांपलीकडे लोखंडी खांब होते. डॉक्टरीणबाई, तिच्या दवाखान्यातली मदतनीस आणि शाळेतल्या एक बाई अशा तिघी आधीच बांधून बसल्या होत्या. प्रत्येकीपुढे पाण्याचं भांडं, मागे कापडी फलक. सुनेचा खांब टोकाला होता. म्हाताऱ्यानं बरोबर आणलेली छोटी ऐरण मांडली. साखळीचं एक टोक खांबाभोवती मिटवलं, दुसरं तिच्या घोट्याभोवती. घोट्याशी ठोकताना त्याचा हात इतका अलगद होता की तिला नुसता थंड स्पर्श जाणवला. लोक गोळा झाले. कुणीतरी शिट्टी मारली.

"येतो गं संध्याकाळी," म्हणून म्हातारा ऐरण खांद्यावर टाकून निघून गेला.

आधी गिरणीवाला आला. भुवयांपासून चपलांपर्यंत पीठ.

"अगं बाई! लोहाराची सून म्हणून नशिबात लोखंड आलं. सोनाराकडे दिली असती तर साखळी गळ्यात तरी पडली असती!"

सगळे हसले. तीही हसली, पदरानं तोंड झाकून.

मग माणसं येत राहिली, जात राहिली. पिशव्या घेऊन उभी राहायची. "ही तीच ना, साखळीवाल्याची?" "म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा." एका म्हातारीनं तिच्या भांड्यात उरलेला पावाचा तुकडा टाकला आणि लांबूनच म्हणाली, "खा गं, मोती." पुन्हा हसू. डॉक्टरीण हातातल्या कर्ण्यातून बोलत होती. घसा बसला तरी बोलत होती. "जीव आहे हो तो. त्याला फिरायला हवं, माणसाजवळ बसायला हवं." ऐकणारे कमी, बघणारे जास्त.

सुनेला अपमान फारसा लागला नाही. तिला घोटा कळत होता. पाय दुमडला की कडी हाडावर बसायची, सरळ केला की कातडीला घासायची. उठून दोन पावलं टाकली की हिसका. तिसरं पाऊल नाही. कोळसा त्या तिसऱ्या पावलाशी रोज कसा थांबतो, पुढचा पाय उचलून, ते तिला आठवलं. तो हिसका बसायच्या आधीच थांबायला शिकला होता. तीही दिवस डोक्यावर यायच्या आत शिकली.

मग तिच्या मांडीवर ऊन आलं. सकाळी मागच्या दुकानाच्या पत्र्याची सावली तिच्यावर होती. ती कधी सरकली ते कळलंच नाही. बाकीच्या तिघी आकडा काढून सावलीत जाऊन बसल्या.

"तुम्ही पण या ना," शाळेतल्या बाई म्हणाल्या आणि जीभ चावली. "अरे हो."

डॉक्टरीणबाईनं छत्री आणून तिच्या हातात दिली. "मी आधी बघायला हवं होतं. तोडायला सांगू का?"

"नको. संध्याकाळपर्यंतच."

फरशी तापली. भांड्यातलं पाणी कोमट झालं, मग गरम. छत्रीतून ऊन सुईसारखं गळत होतं. बाजारातले लोक म्हणत होते, असं ऊन यंदा पहिल्यांदाच. साखळीची जी बाजू उन्हात पडली होती तिला चुकून हात लागला आणि चर्रकन भाजलं. तिनं बोट तोंडात घातलं. कोळशाच्या गळ्यातलं लोखंड. कोळशाचं काळं अंग.

सावली आता बुंध्याशी गेली असेल.

गिरणीवाला जेवायला घरी निघाला होता. त्याची वाट भट्टीवरूनच जायची.

"काका, एवढं करा. आमच्या घरी सांगा, कोळशाला उन्हातून काढा. आत्ता."

"सांगतो की. आणि काही?"

"एवढंच. पण नक्की सांगा."

तो लवकरच परत आला. ढेकर देत, मजेत. "सांगितलं गं. म्हातारा म्हणाला, सूनबाईला सांग, हरायची घाई करू नको. कुत्रं संध्याकाळी सुटतंयच. तोवर काय मरतंय का ते?"

"आणि हे?"

"तुझा नवरा उठला होता. खुंट्याला हात घातला त्यानं, पण निघतोय कसला! मग म्हाताऱ्यानं आतून हाक मारली, भाता थांबला, लोखंड गार होतंय म्हणून. गेला बिचारा परत. पाणी मात्र ठेवलंय हो पुढ्यात."

"कोळसा काय करत होता?"

गिरणीवाल्यानं आठवून पाहिलं. "भुंकत होता आधी. मी निघालो तेव्हा गप झाला होता. झोपला असेल."

कोळसा दिवसा कधी झोपत नसे.

ती उठली. दोन पावलं, हिसका. तिनं खांबाला हात घातला. "सोडा मला," ती म्हणाली. आवाज नीट फुटला नाही. जन्मात कधी ती चारचौघांत ओरडली नव्हती. पुन्हा म्हणाली, मोठ्यानं, "सोडा! कुणीतरी सोडा मला!"

बाजार थांबला. भाजीवाल्या माना उंचावून बघू लागल्या. मग मागून कुणीतरी टाळी वाजवली. "वा! काय काम करतेय!" आणखी टाळ्या पडल्या. ज्या म्हातारीनं तुकडा टाकला होता तिनं डोळ्याला पदर लावला. "अगदी तसंच ओरडतं गं मुकं जनावर."

"नाटक नाही हो!" ती घोटा ओढत होती. कडीखालून रक्त आलं. "माझं कुत्रं उन्हात आहे. मी हरले म्हणावं. हरले मी!"

डॉक्टरीणबाई धावत आली. सुनेचा चेहरा बघितल्यावर तिनं काही विचारलं नाही. खाली बसून कडीला हात घातला, बोटांनी उघडायला गेली. शेजारच्या सायकलवाल्याचा पाना आणला, तो निसटला. "मी जाते," ती म्हणाली आणि दवाखान्याची पेटी घेऊन स्कूटरवरून गेली. कर्णा खाली पडून राहिला. लोक थोडा वेळ उभे राहिले, मग भाजी घ्यायला पांगले.

समोरच्या दुकानाची सावली तिच्यापर्यंत यायला लागली तेव्हा रस्त्यावर नवरा दिसला. एकटा, पायी. एका हातात छिन्नी, दुसऱ्यात हातोडा. तो घाईत नव्हता. त्याच्या चालण्यावरूनच तिला कळलं, आणि ती खाली बसली.

त्यानं तिचा पाय दगडावर घेतला. छिन्नी लावली. घण मारताना कधी न चुकलेल्या त्याच्या हाताचा पहिला घाव दगडावर गेला.

"पाणी होतं त्याच्यापुढे?" तिनं विचारलं.

"होतं." कडी तुटली. तो तिच्याकडे बघत नव्हता. "सांडलं होतं. सावलीकडे ओढ घेत होता बहुतेक. साखळी तंगलेली होती पार. डॉक्टरीणबाईनं पाणी ओतलं अंगावर, सुई दिली..."

त्यानं छिन्नी-हातोडा गोळा केला. ती लंगडत चालू लागली. तुटकी साखळी खांबालाच राहिली.

अंगणात बाभळीची सावली आता पलीकडच्या अंगाला होती, भिंतीवर चढत होती. डॉक्टरीणबाई पायरीवर भिजल्या ओच्यानं बसली होती. सुनेला बघून ती उठली आणि बाजूला झाली. कोळसा ओल्या मातीत आडवा होता, तोंड झाडाकडे. त्याच्या गळ्यातली साखळी तोडलेली होती. म्हाताऱ्यानं शब्द पाळला होता.

तो स्वतः मात्र कुत्र्याजवळ नव्हता. बाभळीच्या बुंध्यापाशी उकिडवा बसून जमिनीकडे बघत होता. तिथं भोकं होती. खुंटा रोवल्याची, उपटल्याची, काही नवी, काही बुजत आलेली. अंगणाच्या तोंडापासून बुंध्याला वळसा घालून पलीकडच्या भिंतीपर्यंत, सावली जशी फिरते तशी भोकांची रांग गेली होती. कुत्रं मेलेल्या जागेपासून सावली किती लांब गेली ते बघायला तो उठला असावा आणि वाटेत त्याला ती दिसली असावीत. एका भोकात त्यानं बोट घातलं होतं.

"हे तू?"

तिनं मान हलवली.

"रोज?"

"हो."

"मला वाटलं, तो ओढतोय." म्हाताऱ्यानं बोट बाहेर काढलं, त्याची माती पुसली. "म्हणून लांब केला." त्यानं वर तिच्याकडे पाहिलं. "बोलली असतीस तर सूनबाई. सकाळी एक शब्द बोलली असतीस."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज नेहमीसारखाच, हळू. "ऐकलं असतंत, मामा?"

त्याला खोटं बोलता आलं असतं. त्यानं विचार केला.

"नसतं," तो म्हणाला.

नवऱ्यानं बाभळीमागे खड्डा खणला. जमीन इतकी कडक की कुदळीतून ठिणग्या उडत होत्या. डॉक्टरीणबाई शेवटपर्यंत थांबली, जाताना सुनेच्या घोट्याला पट्टी बांधून गेली. खुंटा काही निघाला नाही. तिघांनी हलवून पाहिला आणि सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी भट्टी पेटली. पेटवावीच लागली. एक शेतकरी ठरलेली साखळी न्यायला आला होता, दोरीला बांधलेलं तांबडं पिल्लू घेऊन. पिल्लू सगळं हुंगत फिरत होतं. म्हाताऱ्यानं तयार साखळी उचलली, ऐरणीवर ठेवली आणि मिटवायची शेवटची कडी छिन्नीनं उडवली. त्या जागी तो तार वाकवू लागला.

"हे काय, आकडा?" शेतकरी म्हणाला. "मी एवढ्या लांबून आलो ते तुझी साखळी सुटत नाही म्हणून. हा तर कुणीही उघडेल."

"कुणाला तरी उघडता आला पाहिजे."

"मग चोरानं उघडल्यावर?"

म्हातारा तार वाकवत राहिला. शेतकरी बाहेर अंगणाकडे बोट दाखवून म्हणाला, "बरं, असू दे आकडा. पण खुंटा तरी तसला लांब दे. तो चांगलाय."

"तो नाही मिळणार."

"नाही तर नाही. लोहार काय तू एकटाच आहेस?" पिल्लाला दोरीनं ओढत तो रस्त्याला लागला. पिल्लू चारही पाय रोवून मागे बघत होतं.

"गेलं गिऱ्हाईक," नवरा हळूच म्हणाला.

दुपारी सून पानावरून उठून बाहेर आली. सवयीनं तिच्या मुठीत पहिला घास होता. अंगणाच्या तोंडाशी खुंट्याची कडी तेवढी वर दिसत होती. सावली तिच्यावरून निघून गेली होती, आणि कडी एवढी तापली होती की तिच्यावरची हवा हलत होती. घास कुठं ठेवावा ते तिला कळेना. ती तशीच उभी राहिली.

आतून म्हाताऱ्यानं हाक मारली. "सूनबाई, भाता."

ती आत गेली. तो मिटलेल्या साखळ्यांचा ढीग पुढ्यात घेऊन बसला होता, एकेकीची शेवटची कडी तोडत. तिनं एका हातानं भाता ओढायला घेतला. दुसरी मूठ तिनं उघडली नाही, आणि त्यानंही काय आहे म्हणून विचारलं नाही.